मुंबईचा हाजी आणि स्वस्त तिकीट

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, सकाळपासून आपण संविधान, शिष्यवृत्ती आणि कौटुंबिक कायदे यांवर बोललो. जेवणानंतरच्या सत्रात विषय आला आहे विमानाच्या तिकिटाचा. काही जणांच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय. शिबिरात असा विषय कसा, असं वाटत असेल. पण आपल्या घरांतला हिशोब काढून बघा. आपल्याकडे माणूस विमानात बसतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी. खाडीतली नोकरी, हज किंवा उमरा आणि आता थोड्याफार मुलामुलींचं परदेशातलं शिक्षण. यातला कुठलाही प्रवास हौसेचा नसतो. त्यामागे कुणाची तरी वीस वर्षांची बचत असते, नाहीतर कर्ज असतं. आणि एवढा पैसा आपण अशा एका कागदावर खर्च करतो, जो घरातल्या कुणीही नीट वाचलेला नसतो.

एक जुना शब्द तुम्हाला सांगतो. 'मुंबईचा हाजी'. पूर्वी हजला जहाजानं जायचे. देशभरातून, अगदी मध्य आशियातूनही माणसं मुंबईत यायची आणि इथून जेद्दाचं जहाज पकडायची. १९९५ पर्यंत ही वाट चालू होती. त्या काळी बंदरावर दलालांचा सुळसुळाट असायचा. यात्रेकरू गावातून वाजतगाजत निघायचा, मुंबईत त्याचे पैसे संपायचे किंवा कुणीतरी लुबाडायचं, आणि तो इथूनच मागे फिरायचा. त्याला म्हणायचे मुंबईचा हाजी. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८६ मध्ये इंग्रज सरकारनं यात्रेकरूंच्या प्रवासाचं काम थॉमस कुक या कंपनीकडे सोपवलं. काही वर्षांत तीही व्यवस्था बंद पडली. दुसरी अडचण परतीची होती. अनेक गरीब यात्रेकरू फक्त जाण्याचं तिकीट काढायचे, कारण ते स्वस्त पडायचं, आणि मग जेद्दामध्ये अडकून पडायचे. शेवटी १९२० च्या दशकात परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची झाली.

हा इतिहास मी आधी पुस्तकात वाचला होता. नंतर तो माझ्या घरात घडला.

आमचं गाव चिपळूणजवळ. अब्बा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी फंडातून एक रक्कम बाजूला काढली. अम्मीला घेऊन उमरा करायचा आणि येताना दुबईत आपाकडे पाच-सहा दिवस राहायचं, असा बेत होता. अम्मीनं आपाच्या धाकट्या मुलाला तोवर पाहिलंही नव्हतं. गावातल्या एका टूरवाल्यानं भाव सांगितला. मला तो जास्त वाटला. मी घरातला शिकलेला मुलगा, मोबाइलवर सगळं करणारा. म्हटलं, मी काढतो तिकीट. दोन रात्री बसून शोधलं आणि टूरवाल्यापेक्षा बरंच स्वस्त मिळालं. मुंबई ते दुबई एक कंपनी, दुबई ते जेद्दा दुसरी कंपनी, मध्ये साडेतीन तास. परतीचंही तसंच, फक्त दुबईत सहा दिवसांचं अंतर. अब्बांनी गावात सगळ्यांना सांगितलं, माझ्या मुलानं किती पैसे वाचवले बघा.

निघायच्या दिवशी आमच्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. अख्खी वाडी गोळा झाली. हार घातले, दुआ झाली, दोन गाड्या भरून माणसं मुंबईपर्यंत सोडायला आली. विमानतळावर अब्बांनी इहरामच्या चादरी नेसल्या. आत काउंटरवर त्यांना विचारलं गेलं, "तुमचं तिकीट दुबईपर्यंत आहे. दुबईचा व्हिसा?" अब्बांनी सौदीचा उमरा व्हिसा दाखवला. दुबईचा व्हिसा होता, पण तो परतीच्या तारखा धरून, एकदाच प्रवेश देणारा काढला होता. जातानाच तो वापरला असता तर परतीत आपाकडे जाता आलं नसतं. अब्बांनी तिथून मला फोन लावला. मी म्हटलं, "अब्बा, सांगा त्यांना, आम्ही दुबईत उतरणारच नाही, फक्त विमान बदलणार आहोत." काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, तुमची दुसरी फ्लाइट आमच्या तिकिटावर नाही. बॅगा आम्ही दुबईपर्यंतच पाठवू शकतो. त्या घ्यायला तुम्हाला इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागेल आणि परत चेक-इन करावं लागेल."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी नंतर तिकीट काढलेल्या पानावर परत गेलो. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सेल्फ ट्रान्स्फर'. मी ते पाहिलं होतं. त्याचा अर्थ काय, हे विचारलं नव्हतं.

ते विमान गेलं. त्यामुळे जेद्दाचंही गेलं. पैसे जवळपास सगळेच बुडाले. पण पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. अब्बा गावाला परत यायला तयार होईनात. इतक्या माणसांनी हार घालून पाठवलं, आता कुठल्या तोंडानं जायचं? दहा दिवस ते दोघं मुंब्र्याला मामूंच्या घरी राहिले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. इहराम सोडताना फक्त एवढंच म्हणाले, "नियत अजून केली नव्हती, बरं झालं." त्या दहा दिवसांत मला तो जुना शब्द आठवत होता. फरक एवढाच की या वेळी बंदरावरचा दलाल कुणी नव्हता. मीच होतो.

त्यानंतर मी हा विषय नीट शिकलो. आज जे सांगणार आहे, ते त्यातून आलेलं आहे. आणि त्यातली पहिली गोष्ट ही की विमानाचं तिकीट म्हणजे एक करार आहे. कोण तुम्हाला कुठून कुठपर्यंत पोहोचवायला बांधील आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. भाव त्यानंतर येतो.

माझ्या तिकिटात दोन करार होते. पहिली कंपनी मला दुबईत सोडायला बांधील होती, दुसरी दुबईतून न्यायला. मधल्या साडेतीन तासांची जबाबदारी कुणाचीच नव्हती. हाच प्रवास एका तिकिटावर, म्हणजे एका बुकिंगमध्ये असता, तर बॅगा थेट पुढे गेल्या असत्या, दुबईत विमानतळाच्या आतूनच विमान बदलता आलं असतं आणि त्या बदलासाठी व्हिसा लागला नसता. पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकलं असतं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असती. मी जे पैसे 'वाचवले' होते, ती खरं तर या जबाबदारीची किंमत होती.

मग अनेक थांब्यांचा प्रवास स्वस्तात कसा बसवायचा? मी आता ज्या क्रमानं करतो, त्याच क्रमानं सांगतो.

मोबाइल उघडायच्या आधी कागद घ्या. त्यावर शहरं लिहा आणि प्रत्येकासमोर लिहा की काय पक्कं आहे आणि काय हलवता येईल. आपाची सुट्टी पक्की असेल, पण उमरा चार दिवस पुढेमागे होऊ शकतो. मुंबईहूनच निघायचं आहे, की हैदराबाद, गोवा, बंगळूरही चालेल? आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. हलवता येणाऱ्या गोष्टी जितक्या जास्त, तितकं तिकीट खाली येतं.

मग शहरांचा क्रम बदलून बघा. जेद्दात उतरून जेद्दाहूनच परत यायचं, असं आपल्याकडे धरूनच चालतात. पण उमरा करणारा माणूस मक्का आणि मदिना दोन्हीकडे जातो. मग मदिनेत उतरा आणि जेद्दाहून निघा. याला ओपन जॉ म्हणतात, म्हणजे उतरायचं एका शहरात आणि परत निघायचं दुसऱ्या शहरातून. मदिना आणि मक्का यांच्यामध्ये २०१८ पासून हरमैन ही वेगवान रेल्वे आहे, ती जेद्दा विमानतळावरही थांबते. अशा तिकिटामुळे मदिनेला जाऊन परत जेद्दाला येण्याची साडेचारशे किलोमीटरची एक फेरी वाचते. म्हाताऱ्या माणसांची दमछाक वाचते ती वेगळीच. आणखी एक फायदा आहे. आधी मदिनेला गेलात तर विमानात इहराममध्ये बसायची गरज नाही. मदिनेहून मक्केला निघताना जुल-हुलैफाच्या मीकातवर इहराम बांधता येतो. विमान बदलताना, विशेषतः ते रात्री कुठे लांबलं तर, थंड एसीत दोन चादरींवर बसलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाला विचारा याची किंमत किती ते.

तिसरं काम शोधायचं. गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर 'मल्टी-सिटी' असा पर्याय असतो. तिथे प्रत्येक टप्पा वेगळा भरता येतो आणि तिकीट एकच मिळू शकतं. मी तीन प्रकारे शोधून तिन्ही आकडे शेजारी लिहितो. एक, सगळे टप्पे एकाच मल्टी-सिटी तिकिटावर. दोन, मुख्य जाण्यायेण्याचं परतीचं तिकीट आणि मधला छोटा टप्पा वेगळा. तीन, सगळे टप्पे सुटे. कुठलं स्वस्त पडेल हे आधी सांगता येत नाही, कारण कंपन्यांची भाडं ठरवण्याची रीत वेगवेगळी आहे. कमी खर्चाच्या कंपन्या सहसा प्रत्येक टप्प्याचं भाडं सुटं लावतात, म्हणून तिथे बेरीजच होते. मोठ्या कंपन्यांचं मात्र एकेरी तिकीट कधीकधी परतीच्या तिकिटाएवढं महाग असतं आणि मल्टी-सिटीमध्ये प्रत्येक टप्पा परतीच्या निम्म्या भाड्यानं धरला जातो. तिथे सुटी तिकिटं काढणारा फसतो.

इथे एक शब्द लक्षात ठेवा, 'स्टॉपओव्हर'. आंतरराष्ट्रीय प्रवासात चोवीस तासांपेक्षा कमी थांबलात तर तो फक्त विमानबदल. त्याहून जास्त थांबलात तर स्टॉपओव्हर. खाडीतल्या मोठ्या कंपन्या, तुर्कस्तानची किंवा इथिओपियाची कंपनी, या सगळ्यांचं काम एका केंद्रावरून चालतं. दुबई, दोहा, इस्तंबूल, अदिस अबाबा. त्यांची विमानं तुम्हाला तिथे नेणारच असतात. मग तिथे चार दिवस थांबायला पुष्कळदा थोडेच जास्त पैसे लागतात. म्हणून कागदावर लिहिलेल्या शहरांपैकी कुठलं शहर कुठल्या कंपनीचं केंद्र आहे, ते आधी बघा. आमच्या प्रवासात दुबई होतीच. म्हणजे दुबई हेच जिचं घर आहे, अशी कंपनी मी पहिल्यांदा बघायला हवी होती.

युरोपात शिकायला जाणाऱ्यांसाठीही हे उपयोगाचं आहे. सौदिया आणि फ्लायनास या कंपन्यांच्या प्रवाशांसाठी सौदीनं २०२३ मध्ये ९६ तासांचा थांबा व्हिसा सुरू केला आणि त्यावर उमराही करता येतो. म्हणजे शिक्षणाला जातानाच्या वाटेत उमरा होऊ शकतो. फक्त व्हिसाचे नियम बदलत असतात. पैसे भरण्याच्या दिवशी तो नियम अधिकृत पोर्टलवर स्वतः वाचा. कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर विसंबू नका. विमान नुसतं बदलायलाही काही देश व्हिसा मागतात. लंडनमार्गे जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला, त्याच्याकडे अमेरिका किंवा कॅनडासारख्या देशाचा वैध व्हिसा नसेल तर, बहुतेक वेळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. तिकिटाचा भाव पाहताना ही रक्कमही त्यात धरा.

चौथी गोष्ट तारखांची. रमजानमध्ये, विशेषतः शेवटच्या दहा दिवसांत, सौदीचं भाडं चढतं. मे महिन्यात आपल्या शाळांना सुट्टी, तेव्हा चढतं. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीतल्या शाळांना सुट्टी पडते आणि तिथली कुटुंबं गावाकडे निघतात, तेव्हा तिकडून इकडे येणारी विमानं महाग होतात. पण उलट दिशेनं, म्हणजे इकडून तिकडे जाणाऱ्या विमानांत त्याच वेळी जागा रिकाम्या असतात. महिनाअखेरीस हे फिरतं. गर्दी कुठल्या दिशेची आहे, एवढं जरी बघितलं तरी बरेच पैसे वाचतात. आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, तेव्हा मागच्या वर्षीचा अनुभव तारखेला तारीख लावून वापरू नका.

आता खरी बेरीज. समजा, सुट्या तिकिटांची किंमत माणशी ३२,००० रुपये दिसते आणि एका तिकिटाची ३९,०००. दोघांचे १४,००० वाचले असं वाटतं. पण सुट्या तिकिटात सामान धरलेलं नाही. दोघांच्या दोन बॅगांचे तीन टप्प्यांवर समजा ९,००० लागले. मधल्या शहरातला जास्तीचा व्हिसा दोघांचा ८,०००. झाले १७,०००. म्हणजे स्वस्त तिकीट ३,००० रुपयांनी महाग पडलं, आणि वर विमान चुकण्याची जोखीम तुमच्या गळ्यात. हे आकडे मी फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. तुमचे वेगळे असतील. पण ही बेरीज केल्याशिवाय पैसे भरू नका. त्यात सामान, जेवण, व्हिसा, हॉटेल, एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायची टॅक्सी आणि बुडणारा रोजगार सगळं धरा. उमऱ्याहून येणाऱ्यांनी जमजमचाही नियम बघावा. काही कंपन्या पाच लिटरचा डबा वेगळा घेऊ देतात, काही तो सामानाच्या वजनात धरतात.

सुटी तिकिटं कधीच घेऊ नयेत असं मी म्हणत नाही. जिथे तुम्ही मुक्कामच करणार आहात, जिथला व्हिसा तुमच्याकडे आहे आणि पुढचं विमान दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी आहे, तिथे सुटं तिकीट चालतं. त्याच दिवशी एका कंपनीतून उतरून दुसरीत चढायचं असेल, तर नको. आणि सोबत म्हातारी माणसं किंवा मुलं असतील, तर अजिबात नको.

आता तिकीट हातात आल्यावर काय वाचायचं ते सांगतो, कारण टूरवाल्याकडून घेतलं तरी हे वाचावंच लागतं. सहा अक्षरांचा पीएनआर असतो. तो विमान कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर टाकून बघा. सगळे टप्पे एकाच पीएनआरवर दिसतात का? मोठ्या कंपन्यांच्या तिकिटाला तेरा आकडी तिकीट क्रमांक असतो. नुसता पीएनआर असेल आणि हा क्रमांक नसेल, तर जागा फक्त धरून ठेवलेली असू शकते, तिकीट निघालेलंच नसतं. विमानतळाचं नाव वाचा. मुंबईत टर्मिनल एक आणि दोन यांच्यात रस्ता आहे आणि त्यावर मुंबईचा ट्रॅफिक आहे. इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत, समुद्राच्या दोन बाजूंना. दुबईचं तिकीट म्हणून शारजाचं हातात पडू शकतं. वेळ नेहमी त्या त्या शहरातली असते. रात्री साडेबाराचं विमान म्हणजे आदल्या रात्री घरातून निघायचं, ही चूक तर शिकलेली माणसंही करतात. आणि एक लक्षात ठेवा, एका तिकिटावरचा मधला टप्पा मनानं सोडायचा नाही. पहिल्या टप्प्याला बसला नाहीत, तर बहुतेक कंपन्या पुढचे सगळे टप्पे रद्द करतात, परतीचासुद्धा.

नावाकडे तर आपण खास लक्ष दिलं पाहिजे. आपल्या घरांत एकाच बाईचं नाव आधारवर 'बी' लावून, रेशन कार्डावर 'बेगम' लावून आणि पासपोर्टवर काहीच न लावता असतं. 'मोहम्मद' तर चार प्रकारे लिहिला जातो. तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षराला अक्षर असायला हवं. अनेक जुन्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे, एकच नाव आहे. अशा एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटन किंवा भेट व्हिसानं येणाऱ्यांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून संयुक्त अरब अमिरातीनं अडवायला सुरुवात केली. पासपोर्ट दुरुस्त करायला वेळ लागतो. तो तिकिटाआधी करा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे ना, तेही तेव्हाच बघा.

इथे कुणी विचारेल, मग टूरवाले सगळे वाईट का? नाही. त्यांच्याकडे गटाची तिकिटं असतात आणि ती कधीकधी वेबसाइटपेक्षा खरोखर स्वस्त पडतात. ज्याला मी महाग म्हटलं होतं, त्या टूरवाल्याच्या भावात सामान, एकच तिकीट, व्हिसा आणि मदिनेचा प्रवास धरलेला होता. मी त्याला विचारलंच नव्हतं. म्हणून आता टूरवाल्याला मी चार प्रश्न विचारतो. सगळे टप्पे एका तिकिटावर आहेत का? सामान किती आणि कुठपर्यंत जाईल? तारीख बदलली किंवा प्रवास रद्द झाला तर किती कापणार? आणि पावती कुठे आहे? चौथा प्रश्न आपल्याकडे विचारला जात नाही. "ते काय, आपल्यातलेच आहेत" म्हणून रोख पैसे देतात आणि मोबाइलवर एक फोटो घेऊन घरी येतात. आपल्यातला माणूस पावती द्यायला नाही म्हणणार नाही. आणि म्हणाला, तर तिथेच थांबा.

कारण पावती असेल तरच हक्क मागता येतो. भारतीय विमान कंपन्यांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. तिकीट रद्द केलं किंवा विमान चुकलं, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क प्रवाशाला परत मिळायला हवं, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरीही. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही. तिकीट एजंटमार्फत घेतलं असेल, तरी परताव्याची जबाबदारी शेवटी कंपनीची, कारण एजंट तिचा प्रतिनिधी असतो. परदेशी कंपन्यांना त्यांच्या देशाचे नियम लागू होतात, म्हणून त्यांच्या अटी आधी वाचायच्या. तक्रारीसाठी केंद्र सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि जिल्ह्याला ग्राहक आयोग आहे. मी माझ्या बुडालेल्या तिकिटांवर परत अर्ज केला. सगळे पैसे आले नाहीत, येणारही नव्हते, चूक माझी होती. पण कराचे पैसे आले. तेही मी मागितले म्हणून आले.

हज अनुदानाचं थोडंसं बोलतो, कारण ते याच विषयाशी जोडलेलं आहे. वर्षानुवर्षं आपल्याला ऐकवलं गेलं की मुसलमानांना सरकार फुकट हज घडवतं. ते अनुदान विमानभाड्यावर होतं, आणि यात्रेकरूला ठरवून दिलेल्या विमानानंच जावं लागायचं. भाव ताडून बघायची त्याला मुभाच नव्हती. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दहा वर्षांत हे अनुदान टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं आणि सरकारनं २०१८ मध्ये ते बंद केलं. आपल्यातल्याच अनेकांची तशी मागणी होती. मला त्यातून एवढंच दिसतं की ज्याच्यासमोर एकच पर्याय ठेवला जातो, त्याला खरा भाव कधी कळत नाही, आणि वर उपकाराची भाषा ऐकावी लागते. गावात एकच टूरवाला असणं किंवा घरात मोबाइल कळणारा एकच मुलगा असणं, हीसुद्धा तशीच परिस्थिती आहे. आमच्या घरात मी सांगितलं ते सगळ्यांनी मान्य केलं. अम्मीनं एकदा विचारलं होतं, "दुबईत सामान कोण देईल रे हातात?" मी हसलो होतो. तिचा प्रश्न बरोबर होता.

त्या प्रसंगानंतर सात महिन्यांनी अब्बा-अम्मी परत निघाले. या वेळी अम्मी माझ्या शेजारी बसली आणि प्रत्येक टप्पा तिनं वहीत लिहून घेतला. मुंबईहून दुबईमार्गे मदिना, जेद्दाहून दुबई, सहा दिवस आपाकडे, आणि दुबईहून मुंबई. सगळं एका तिकिटावर, एका पीएनआरवर. मुंबईत बॅगा टाकल्या, त्या मदिनेत मिळाल्या. पैसे पहिल्या वेळेपेक्षा माणशी काही हजार जास्त गेले. पहिल्या वेळी त्यांनी कुणाला निरोपाला येऊ दिलं होतं, या वेळी नाही. गावातून दोघंच पहाटेच्या गाडीनं निघाले. परत आल्यावर मात्र अब्बांनी अख्ख्या वाडीला जेवण घातलं आणि पहिल्या वेळी काय झालं होतं, ते सगळ्यांसमोर स्वतःहून सांगितलं. त्यानंतर लोक त्यांच्याकडे तिकिटं दाखवायला येऊ लागले. आता दर रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर दोन-तीन माणसं कागद घेऊन बसलेली असतात. निम्मी तिकिटं अम्मी वाचते.

तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे. तुमच्या मोहल्ल्यात, तुमच्या जमातीत कुणीतरी या महिन्यात तिकीट काढणार असेलच. पैसे भरायच्या आधी अर्धा तास त्यांच्या शेजारी बसा. त्यांच्या हातून मोबाइल काढून घेऊन नव्हे, मी तेच केलं होतं. कागद-पेन घेऊन बसा, टप्पे त्यांना लिहू द्या आणि त्यांच्या शंका ऐकून घ्या.

आता मी थांबतो. ज्यांनी सोबत तिकिटं आणली आहेत, त्यांनी पुढे यावं, आपण एकत्र वाचू.